कॅप्टनची बोट आणि काकूंची अट

चार माणसं मिळून एखादं काम करायला लागली की काम मागे राहतं आणि किस्से पुढे जातात. आमचं तसंच झालं. बोट एकच होती, पण तिच्या दुरुस्तीचे किस्से एवढे साठले, की आजही आमच्यापैकी दोघं चहाच्या टपरीवर भेटले तर दुसरा चहा होईपर्यंत उठत नाहीत. त्यात प्रत्येकाची प्रत्येक किश्शाची आवृत्ती वेगळी! ही माझी. रसूलभाई म्हणतील, "मास्टर झूट बोलते." तिकडे लक्ष देऊ नका.

आधी माणसं सांगतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. माणिकराव मूळचे वळसंगचे. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला पळाले आणि पुढची सगळी उमर मालवाहू जहाजांवर काढली. डेकवर पडेल ते काम, लाइफबोटींची डागडुजी, असं सगळं. कॅप्टन ते कधीच नव्हते. पण सोलापुरात समुद्र पाहिलेला माणूस म्हणजे कॅप्टनच की! रिटायर होऊन ते अक्कलकोट रोडला घर बांधून राहिले. घराच्या पुढ्यात अप्पा बिराजदारांचं लेथचं वर्कशॉप. अप्पांचे मित्र रसूलभाई, ट्रकच्या बॉड्या बांधणारे. चौथे यादगिरी अण्णा, चादरींचे माग चालवायचे. पाचवा मी, शाळेत शास्त्र शिकवणारा. माझं काम म्हणजे "मास्तर, धरा" म्हटलं की धरायचं आणि "सोडा" म्हटलं की सोडायचं. ते मी चोख केलं.

गोष्ट सत्तरीच्या दशकातली. मोठा दुष्काळ नुकता सरला होता आणि नळाला पाणी दिवसाआड, तेही मनात आलं तर. अशा वेळी कॅप्टननी बोट आणली!

*

मुंबईच्या कुठल्याशा क्लबानं ती भंगारात काढली होती. फायबरची, शिडाची, लांबीला ट्रकएवढी. खालचा लोखंडी भाग गायब, अंगावर फोडच फोड. चादरी घेऊन मुंबईला गेलेला ट्रक येताना रिकामा येणार होता, त्यात कॅप्टननी ती टाकली.

जकात नाक्यावर ट्रक अडला. कारकुनानं विचारलं, "काय माल?"

"बोट."

कारकुनाला वाटलं, थट्टा चाललीय. तो बाहेर आला, ट्रकवर चढला, बोटीवर टिचक्या मारल्या. "लाकूड?"

"न्हाई."

"पत्रा?"

"न्हाई. फायबर. काचंचं धागं अन् रेझिन."

"म्हणजे काचसामान लिहू?"

एवढ्यात आतून त्याचे साहेब आले. त्यांनी बोटीकडे पाहिलं, कॅप्टनकडे पाहिलं, मग शांतपणे चौफेर नजर फिरवली. धूळ, बाभळी, उन्हात उभी एक शेळी. "विकायला आणलीय का?"

"न्हाई साहेब, वापरायला."

"सोलापुरात?"

"व्हय."

साहेब कारकुनाला म्हणाले, "सोड रे गाडी. शहरात खपणाऱ्या मालावर जकात असते. हा माल इथं खपत नाही!"

*

बोट अप्पांच्या आवारात जुन्या टायरांवर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीला करमणूक झाली. सायकलवरून जाणारा येणारा ओरडायचा, "कॅप्टन, पाणी आलं का?" कॅप्टनही न चिडता उत्तर द्यायचे, "बोट आली, आता पानी बी यील!"

सगळे हसले, एक काकू सोडून. काकू म्हणजे कॅप्टनच्या मंडळी. त्या सीनेकाठच्या. आमच्याकडे नदी ओलांडायला काहील वापरतात. काहील म्हणजे गूळ करायची भली मोठी कढई. काकू लहान असताना त्यांना बसवून वडील पलीकडे निघाले आणि ऐन मध्यावर काहील पालथी झाली. कुणीतरी केसाला धरून त्यांना बाहेर काढलं. तेव्हापासून काकू विहिरीतसुद्धा वाकून बघत नाहीत.

त्यांनी बोटीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ही कुणासाठी?"

"तुज्यासाठी," कॅप्टन म्हणाले. आमच्या सगळ्यांसमोर म्हणाले. त्या काळात हे फार होतं हो!

"पालथी झाली तर?"

"हिच्या पोटाखाली जड लोखंडी पाय असतोय. त्याला कील म्हनत्यात. कील असली की वाऱ्यानं आडवी पडली तरी आपल्या आपन उभी ऱ्हाती."

काकूंनी पदर खोचला. "मग आधी पाडून दावा. उभी ऱ्हायली, तर बसते."

झालं! त्या दिवसापासून आम्ही बोट दुरुस्त करत नव्हतो, काकूंची अट पुरी करत होतो. कॅप्टन एकदा घासता घासता मला म्हणाले, "मास्तर, नाना देशांच्या मानसांना बोटीत बसवलं. येवढी हीच ऱ्हायली." आणि परत घासायला लागले.

*

कामाला मुहूर्त हवा. काकूंनी बोटीला हळदीकुंकू लावलं, ओवाळलं. नव्या ट्रकपुढे नारळ फोडतात तसा फोडायचं ठरलं. रसूलभाई म्हणाले, "चाक के सामने फोडते. इसकू चाक किदर है?"

कॅप्टन सहज बोलून गेले, "परदेशात बोटीच्या नाकावर बाटली फोडत्यात."

हे त्यांनी सांगायला नको होतं. नारळ अप्पांच्या हातात होता, आणि अप्पांचा हात म्हणजे घणाला सरावलेला. त्यांनी "सिद्धेश्वर महाराज की" म्हटलं, आम्ही "जय" म्हणेपर्यंत नारळ बोटीच्या नाकावर आदळला.

नारळ फुटला नाही. बोट फुटली! नारळ अख्खाच्या अख्खा आत गेला आणि आतल्या आत गडगडत जाऊन कुठेतरी थांबला.

मग काकू म्हणाल्या, "परसाद आत गेला की!"

अप्पा रंग उडालेल्या चेहऱ्यानं कानडीत पुटपुटले, "एन माडोदु!" म्हणजे, आता करायचं काय.

कॅप्टन पुढे झाले. आता हे आम्हाला आवाराबाहेर काढणार, आणि आवार अप्पांचंच असल्यामुळे पंचाईत होणार, असं मला वाटलं. त्यांनी भोकात कोपरापर्यंत हात घातला, आत चाचपलं आणि फायबरच्या दोन थरांमधल्या लाकडाचा ओला, कुजका भुगा मूठभर बाहेर काढला. "अप्पा, लई उपकार झालं. वरनं चकाचक, आतनं सडकी. नारळ बसला नसता तर हिला तशीच पान्यात घातली असती मी."

मग त्यांनी तोच नारळ आतून काढला आणि त्यानं बोट ठोकत निघाले. कान लावून ऐकायचे. टणक आवाज आला की पुढे सरकायचं, बद्द आवाज आला की खडूनं गोल काढायचा. संध्याकाळपर्यंत बोट माझ्या वर्गातल्या फळ्यासारखी दिसायला लागली. नारळ काकूंनी धुऊन फडताळात ठेवला. म्हणाल्या, "ह्यो पान्याकाठी फोडायचा. अन् अप्पांनी फोडायचा न्हाय!"

*

खडूच्या गोलांतलं सगळं सडकं खरवडून, घासून काढायचं होतं. कॅप्टननी बजावलं होतं, फायबरची धूळ अंगाला चावते, आधी पावडर चोळा, पूर्ण बाह्यांचे शर्ट घाला. पण सोलापूरचा उन्हाळा! आम्ही बनियनवर घासायला बसलो.

रात्रीपासून खाज. साधीसुधी नाही, भिंतीला पाठ लावून घासावी अशी. वर्गात मी फळ्याकडे तोंड करून खडूनं मान खाजवताना पोरांनी पाहिलं आणि मागच्या बाकावर टाळ्या पडल्या. शेवटी गुपचूप डॉक्टरांकडे गेलो. दार ढकलतो तर बाकावर अप्पा! त्यांच्या शेजारी रसूलभाई, आणि कोपऱ्यात, कुणी ओळखू नये म्हणून वर्तमानपत्र धरून बसलेले यादगिरी अण्णा. एकानं दुसऱ्याला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी चौघांना एकदमच आत घेतलं. दंड बघितले, पाठी बघितल्या. "घरं वेगळी, पेठा वेगळ्या आणि खरूज एकच? तुम्ही चौघं एकत्र येता तरी कुठं?"

अप्पा छाती पुढे काढून म्हणाले, "बोटीत!"

डॉक्टरांनी मलमाची बाटली बाजूला ठेवली आणि एकेकाच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली.

*

घासून झाल्यावर बोट पालथी केली. आता तिच्या अंगात वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी वाळायला हवं होतं. मुंबईत याला महिनोन्‌महिने लागतात म्हणे. कॅप्टन खुशीत होते. "बोट दुरुस्त करायला सोलापुरासारखं गाव न्हाई, मास्तर. पानीच न्हाई, तर वली व्हनार कशानं?"

भर चैत्रातली दुपार. कॅप्टन जेवून आडवे झाले. चार वाजता उठून बघतात तर बोट दिसेना! म्हणजे बोट जागेवरच होती, पण तिच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत उडदाचे पापड वाळत घातले होते. शेजारणीच्या कुरडयाही होत्या. गुळगुळीत, उताराची, चटचट तापलेली एवढी मोठी जागा काकूंना गच्चीवरसुद्धा मिळाली नव्हती.

कॅप्टन आयुष्यात पहिल्यांदा बायकोवर ओरडले असावेत. "अगं, तेल लागलं समद्या बोटीला! आता हिच्यावर रेझिन चिकटत नसतंय!"

काकू उलथनं घेऊन पापड खरवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमचं रेझिन चिकटत न्हाई म्हनता, हितं माजं पापड निगंनात!"

कॅप्टननी सगळी बोट थिनरनं पुसून काढली. त्या साली आमच्या पाचही घरांत पापडांचे डबे पोहोचले. वास जरासा वेगळा होता, पण नाव कुणी ठेवलं नाही.

*

मग रेझिन. ते घट्ट होण्यासाठी त्यात हार्डनरचे थेंब टाकतात. कॅप्टननी शिकवलं, थोडं थोडं कालवा, पटापट लावा. रसूलभाईंना ट्रकच्या रंगाची सवय. त्यांनी बादलीभर कालवलं!

वैशाखातलं ऊन आणि बादलीभर रेझिन. थोड्याच वेळात रसूलभाई ओरडले, "साब, बाल्टी गरम होरी!" आणि मग, "साब, बाल्टी धुवां छोडरी!" आम्ही पोहोचेपर्यंत बादलीचा दगड झाला होता. त्यात ब्रश उभा, ढवळायची काठी उभी. ती बादली अप्पांनी टाकली नाही. वर्कशॉपात अजून ते तिच्यावरच बसतात, ब्रश तेवढा कापून टाकलाय.

त्यानंतर कॅप्टननी पद्धत बदलली. काम पहाटेचं. रेझिन वाटीत घ्यायचं आणि वाटी माठातल्या गार पाण्यात धरून कालवायचं. माणसं शहाणी झाली, पण वाट्या कुठून आणायच्या? काकूंच्या स्वयंपाकघरातून. रोज एखादी वाटी कामी यायची आणि संध्याकाळपर्यंत कायमची कामातून जायची.

एके दिवशी काकूंनी आम्हाला जेवायला बसवलं. ताटात भात, भाकरी, चटणी. आमटी दिसेना. रसूलभाईंनी हळूच विचारलं, "काकी, दाल?"

"वाट्या समद्या बोटीला चिकटल्यात. तितं जाऊन खावा आमटी!"

*

काकूंच्या चहाबद्दल सांगायलाच हवं. आमचं सगळं काम त्या चहावर चाललं होतं. सकाळी गेलो की चहा, अकराला चहा, उन्हं उतरली की चहा. अप्पांना साखर जास्त, यादगिरी अण्णांना कमी, हे त्यांना पाठ. एवढा राबता, पण कपाळावर आठी नाही.

एकदा कपबशा भरता भरता मला म्हणाल्या, "मास्तर, हे जहाजावर हुते तवा सुट्टीला आले की अख्खं वळसंग घरात यायचं. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचं तर जागा गावायची न्हाय. गर्दी सरायची, तवर ह्यांची सुट्टी सरायची. आता कायमचे आले म्हनलं, तर तुमी आलासा!"

आम्ही सगळे खो खो हसलो. यादगिरी अण्णांनी अजून अर्धा कप मागितला.

*

बोटीचं अंग झालं. आता कील. कॅप्टननी वर्कशॉपच्या जमिनीवर खडूनं तिचा आकार काढला. तळाला जी जुनी भोकं होती त्यावरून बोल्टांच्या जागा धरल्या. पण एवढं लोखंड आणायचं कुठून? आणि हलकं चालणार नव्हतं. कील जेवढी जड, तेवढी बोट उभी राहणार.

इथे यादगिरी अण्णा उठले. अण्णा कमी बोलायचे. घरात तेलुगू, बाहेर अडखळत मराठी. म्हणाले, "वजन हाय की माज्याकडं." मागावर सूत ताणून धरायला मागच्या बाजूला बिडाची वजनं टांगतात. कितीतरी जुने माग मोडून पडले होते आणि त्यांची वजनं घरोघरी कोपऱ्यांत गंजत होती. अण्णा आपल्या पेठेत दारोदार फिरले. कुणी चूल टेकवायला घेतलेलं वजन दिलं, कुणी दाराला लावलेलं दिलं. एका म्हातारीनं लोणच्याच्या बरणीवरचं काढून दिलं. हातगाडी भरून लोखंड आलं. मला त्या गाडीकडे बघून भरून आलं होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. समुद्र न बघितलेल्या माणसांनी एका बाईच्या बोटीसाठी घरातलं लोखंड काढून दिलं होतं.

ओळखीच्या फाउंड्रीत ते वितळवून कील ओतली. छान झाली.

पुढच्या आठवड्यात अण्णांचा नेहमीचा व्यापारी चादर घेऊन भांडायला आला. चादर त्यानं उजेडासमोर धरली. पलीकडचा रस्ता दिसत होता! "अण्णा, ही चादर आहे की मच्छरदाणी?"

अण्णांनी मागाच्या मागे जाऊन बघितलं आणि कपाळाला हात लावला. गडबडीत त्यांनी चालू मागाचीही वजनं काढून गाडीत घातली होती.

"आता काय करायचं?" व्यापारी म्हणाला.

अण्णा म्हणाले, "वजन बोटीत गेलं. चादर तू उन्हाळ्यात विक!"

*

कील बसवायचे बोल्ट अप्पांनी लेथवर केले. कॅप्टन एकेक बोल्ट हातात घेऊन फिरवायचे. त्यातला एक त्यांनी परत दिला. आटे जरासे ढिले होते.

अप्पांचा स्वाभिमान दुखावला. "कॅप्टन, हा आत जाणार, वर रेझिन बसणार. कुणाच्या बापाला दिसणार न्हाई."

"मला दिसंल की," कॅप्टन म्हणाले. "ती वर बसलेली असंल."

अप्पांनी तो एक नाही, सगळेच बोल्ट नव्यानं केले. मी इतक्या वर्षांत पुष्कळ माणसांची कामं बघितली. पण जे कुणालाच दिसणार नाही ते इतक्या निगुतीनं करणारी दोन माणसं एका छपराखाली पुन्हा बघायला मिळाली नाहीत.

*

त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि हिप्परग्याचा तलाव भरला. उसाच्या ट्रॉलीवर बोट चढवून आम्ही निघालो. शिडाला एके ठिकाणी मोठं भोक होतं, तिथं अण्णांनी लाल चादरीचं ठिगळ लावलं होतं. मोर असलेलं.

तलावाकाठी जत्रा लोटली. एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेतलं. "मास्तर, ही बोट हितनं कुटं जानार?"

"कुठं नाही. फिरून परत इथंच."

"मग जायाचं कशाला?"

मी मागे कॅप्टनकडे बोट दाखवलं. मी शास्त्राचा शिक्षक! कॅप्टन मागून म्हणाले, "जाऊन आल्यावर सांगतो, आज्जा."

नारळ कॅप्टननी स्वतः फोडला, दगडावर. अप्पा लांब उभे राहिले होते. ट्रॉली मागे मागे घेत ट्रॅक्टर पाण्यात गेला, सायलेन्सर बुडबुडायला लागला आणि बोट तरंगली. आम्ही टाळ्या वाजवल्या, पण काकूंनी वाजवल्या नाहीत. त्या काठावर, पाण्यापासून चांगल्या लांब, दगडावर बसल्या होत्या. त्यांची अट अजून बाकी होती.

डोलकाठीच्या शेंड्याला दोर बांधला. दुसरं टोक काठावर आमच्या हातात. कॅप्टन छातीएवढ्या पाण्यात बोटीशेजारी उभे. "वढा!"

आम्ही ओढलं. बोट कलली, अजून कलली, आणि आडवी पडली. डोलकाठी पाण्याला टेकली. बायकांनी तोंडाला पदर लावले. काकूंच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी कॅप्टनकडे बघितलं, तर ते बोटीकडे नव्हे, काकूंकडेच बघत होते.

"सोडा!"

आम्ही दोर सोडला. बोट तशीच पडून राहिली. क्षणभरच असेल, पण अप्पा "एन माडोदु" म्हणून मोकळे झाले. मग पाण्यातून म्हैस उठावी तशी ती सावकाश उठली, अंगावरचं पाणी झटकलं आणि ताठ उभी राहिली! काठावर नुसता कल्ला! रसूलभाईंनी यादगिरी अण्णांना उचललं.

सगळ्यांची तोंडं काकूंकडे वळली. काकू म्हणाल्या, "एकदा चुकून बी ऱ्हाती. परत पाडा."

परत पाडली. परत उभी राहिली. आम्ही धापा टाकत काकूंकडे बघितलं.

"आता त्या अंगानं!"

*

तिसऱ्यांदाही बोट उभी राहिली आणि काकू उठल्या. चपला काढून दगडावर ठेवल्या. पदर घट्ट खोचला आणि पाण्यात शिरल्या. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. दर पावलाला आधी पायानं तळ चाचपत होत्या. पण थांबल्या नाहीत. कॅप्टननी हात दिला. त्या बोटीत चढल्या आणि दोन्ही हातांनी कड धरून बसल्या.

कॅप्टननी शीड चढवलं. वाऱ्यानं ते फुगलं, लाल मोर उठून दिसला, आणि बोट निघाली. काय ऐटीत निघाली! ज्या अंगावर पापड वाळले, ज्याला नारळानं भोक पाडलं, ते अंग पाणी कापत चाललं होतं. रसूलभाई डोळे पुसत म्हणाले, "देखो मास्टर, मेरी बॉडी!" अप्पा म्हणाले, "माजे बोल्ट!" अण्णा टाचा उंचावून बघत होते, खाली कुठेतरी त्यांच्या पेठेतलं सगळं लोखंड चाललं होतं.

आणि तलावाच्या ऐन मध्यावर वारा पडला. पार पडला. शीड ओल्या धोतरासारखं लोंबायला लागलं. बोटीला इंजिन नव्हतं. वल्ही आम्ही गडबडीत ट्रॉलीतच ठेवली होती.

आमची घाबरगुंडी उडाली. काकू, मधोमध, एवढ्या पाण्यात! इतक्या वर्षांनी त्यांनी पाण्यात पाय घातला आणि नेमकं हे! काठावर एक मासेमारी करणारा होता, त्याच्याकडे काहील होती. तो म्हणाला, "दोर द्या, मी वढून आनतो." तो काहीलीत बसला, आम्ही ती ढकलली. मी हातांचा कर्णा करून ओरडलो, "काकू, घाबरू नका! माणूस येतोय!"

लांब बोटीत काकू उभ्या राहिल्या. एका हातानं डोलकाठी धरली आणि असा आवाज काढला की तलावावरचे बगळे उठले.

"कुनीबी यायचं न्हाय! वारं आलं की येतो आमी!"

काहीलवाला अर्ध्या वाटेतून परत फिरला. आम्ही काठावर बसलो. बराच वेळ बसलो. मग बाभळीची पानं हलायला लागली, पाण्यावर बारीक लाटा उठल्या आणि भर्रकन वारा सुटला. अप्पांची टोपी उडून पाण्यात पडली.

"आलं वारं!" अप्पा टोपी सोडून ओरडले. आम्ही सगळे ताडकन उठलो आणि बोटीकडे बघितलं.

बोट तिथंच डुलत होती. शीड खाली उतरवून ठेवलेलं होतं.